लहान दुमजली घर नॉर्डिक पद्धतीने सजवायचंय? आधी उजेडाचं बघा

नॉर्डिक म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड अशा उत्तर युरोपातल्या देशांची पद्धत. आम्ही स्वीडनमध्ये व्हेस्टेरोसला राहतो, स्टॉकहोमपासून ट्रेनने तासाभरावर. घर म्हणजे राडहूस, आपल्याकडे रो हाऊस म्हणतात तेच, १९७० च्या दशकातलं, दोन्ही मजले धरून ९२ स्क्वेअर मीटर म्हणजे हजार स्क्वेअर फुटांना थोडं कमीच. खाली दारातून आत आल्यावरचा छोटा हॉल, किचन, बसायची खोली आणि एक छोटं टॉयलेट, वर तीन बेडरूम आणि बाथरूम, मधे अरुंद लाकडी जिना. त्या काळातल्या बऱ्याच राडहूसचा नकाशा थोड्याफार फरकाने असाच असतो. चार वर्षं हळूहळू करत घर आता मनासारखं झालंय आणि इथे नवीन घर घेतलेली आपली मंडळी येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच, सोफा कुठून घेतला? मला मनापासून वाटतं की सोफा हा शेवटचा प्रश्न आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहितेय. भारतातल्या रो हाऊसला हेच करायचं असेल तर सगळं जसंच्या तसं चालणार नाही, तिथला उजेडच वेगळा, पण क्रम तोच ठेवा.

पांढरं आणि करडं म्हणजे नॉर्डिक, हे आधी डोक्यातून काढा

पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. शुभ्र पांढऱ्या भिंती, करडा सोफा, करडा गालिचा आणि छताच्या मधोमध एक मोठा दिवा, जसा आपल्याकडे हॉलमध्ये ट्यूबलाइट असतो तसा. ऑगस्टमध्ये छान दिसलं. नोव्हेंबर आला आणि दुपारी तीन वाजता खोली निळसर, मेल्यासारखी दिसायला लागली, संध्याकाळी तो एकटा दिवा लावला की सगळ्यांच्या डोळ्यांखाली सावल्या. मुलं त्या खोलीत बसेनात, सगळे किचनमध्येच.

कारण साधं आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो, पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांच्या आसपास असतो. दिवस सगळा मिळून सहा तासांचा. आणि जूनमध्ये पहाटे साडेतीनला उजाडतं ते रात्री दहा वाजून गेले तरी मावळत नाही. म्हणजे एकाच घराला दोन टोकं सांभाळायची असतात, फिकट लाकूड, खाली लोंबणारे दिवे, खिडकीतले दिवे, लोकरीची पांघरुणं, हे सगळं त्यातून आलंय. ही माणसं रंगाला घाबरतात असं अजिबात नाही. दालार्ना भागात सुंडबोर्न गावी चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांचं घर आहे, सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी सजवलेलं, तिथे लाल, हिरवा, पिवळा सगळं आहे आणि कारिनने स्वतः विणलेलं कापड आहे. स्टॉकहोमचं स्वेन्स्क्ट टेन हे दुकान १९२४ पासून आहे आणि १९३४ मध्ये डिझायनर योसेफ फ्रांक तिथे आल्यापासून ते ओळखलं जातं ते मोठमोठ्या फुलांच्या कापडासाठी. त्यामुळे तुम्हाला हिरवी भिंत हवी असेल तर बिनधास्त करा.

पायरी १: आठवडाभर काही विकत घेऊ नका

एक वही घ्या. प्रत्येक खोलीत सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि अंधार पडल्यावर एकदा जाऊन उभं राहा आणि लिहा, ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, कुठला कोपरा कायम अंधारा, खिडकी कुठल्या दिशेला. घर हिवाळ्यात घेतलं असेल तर उत्तमच, तेव्हा घर खरं काय आहे ते कळतं. त्याच वहीत हीटर कुठे आहेत आणि प्लग कुठे आहेत ते लिहा, कारण इथे हीटर जवळपास नेहमी खिडकीखाली असतो आणि त्याला सोफा चिकटवला की उष्णता सोफ्याच्या पाठीतच अडकते. तेच जाड लांब पडद्यांचं. पडदा एकतर हीटरच्या वर संपवा नाहीतर बाजूला सरकेल असा लावा.

दुमजली घरात अजून एक माप सगळ्यात महत्त्वाचं, जिन्याचं. रुंदी जिथे सगळ्यात कमी तिथे मोजा, वळणावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा आणि वर छत कुठे खाली येतं तिथली उंचीही मोजा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सुंदर जुनं कपाट घेतलं, जिन्याच्या वळणावर अडकलं, शेवटी खाली हॉलमध्येच उभं राहिलं आणि आता हॉलमधून एका वेळी एकच माणूस जातो. वरच्या मजल्यावर जाणारी प्रत्येक वस्तू सुटी होते का हे दुकानातच विचारा. डबल बेडसाठी एक मोठी गादी घेण्यापेक्षा ९० सेंटिमीटरच्या दोन घेतल्या तर वर न्यायला आणि उलटवायला दोन्हीला सोप्या.

मग मास्किंग टेप आणा आणि सोफा, टेबल, पलंग जिथे यायचाय तिथे जमिनीवर त्याचा आकार चिकटवा. दोन दिवस त्याच्या बाजूने चालून बघा. ७० सेंटिमीटरपेक्षा कमी वाट उरली की रोज कंबर आपटते, हे मी टेपवरूनच शिकले.

पायरी २: सामान कमी, आणि जे आहे ते दाराआड

इथली घरं मोकळी दिसतात म्हणून आपल्याला वाटतं यांच्याकडे सामानच नसतं. असतं, भरपूर असतं, स्की असतात, स्लेज असते, चार ऋतूंचे चार जोड बूट असतात. पण ते दाराआड असतं. म्हणून फर्निचरच्या आधी कपाटांचा हिशोब करा. हिवाळी कपडे आणि उन्हाळी कपडे वर्षातून दोनदा अदलाबदल करायचे, जे चालू नाहीत ते माळ्यावर किंवा बाहेरच्या स्टोअररूममध्ये. आपल्याकडच्या साड्या, मोठ्या बॅगा, लग्नातली भांडी यांच्यासाठी आम्ही वरच्या पॅसेजची एक अख्खी भिंत छतापर्यंत कपाटांनी भरली, ३५ सेंटिमीटर खोल, भिंतीच्याच रंगाची दारं, हॅंडल नाही. दारात उभं राहिलं तर ती भिंतच वाटते. लहान घरात छतापर्यंत कपाट न्या, वर अर्धा फूट सोडला की तिथे बॅगा चढतातच.

उघड्या फळ्या थोड्याच ठेवा. इथे घरोघरी तारेच्या शिडीवर अडकवलेल्या पातळ फळ्या दिसतात ती स्ट्रिंग शेल्फ, निल्स आणि काय्सा स्ट्रिनिंग यांनी १९४९ मध्ये केलेली. हलकी दिसते, जमीन मोकळी राहते, पाहिजे तेव्हा फळी वर-खाली करता येते. पण उघडी फळी अर्धी रिकामी ठेवायची तयारी असेल तरच लावा. आणि हो, कपाट, ड्रॉवर, फळ्या, जे उंच आहे ते भिंतीला स्क्रूने बांधा. लहान मुलं ड्रॉवरवर चढतात आणि अख्खं युनिट अंगावर येतं, यात हयगय नको.

पायरी ३: रंग

इथे पेंटच्या दुकानात रंगाचं नाव कमी आणि एनसीएस कोड, म्हणजे रंग आकड्या-अक्षरांत सांगायची पद्धत, जास्त चालतो. तो एकदा वाचायला शिका म्हणजे फसगत होत नाही. उदाहरणार्थ एस ०५०२-वाय. पहिले दोन आकडे म्हणजे काळेपणा ५ टक्के, पुढचे दोन म्हणजे रंगाची मात्रा २ टक्के, वाय म्हणजे पिवळा. तर हा किंचित पिवळसर पांढरा. एस ०५००-एन म्हणजे त्यात रंगच नाही, एकदम तटस्थ पांढरा, आणि आमच्या उत्तरेच्या खोलीत हाच लावून आम्ही पहिल्या वर्षी चुकलो होतो. उत्तरेचा उजेड आधीच निळसर, त्यावर तटस्थ पांढरा म्हणजे थंडगार. उत्तरेला आणि पूर्वेला पिवळ्या किंवा लालसर अंगाचा पांढरा, दक्षिणेला थोडा करडा-हिरवट पण चालतो कारण तिथे ऊन त्याला उबदार करतं.

भिंतीवर थेट पट्टे मारून रंग निवडू नका, खालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा दिवसभर खोलीत फिरवा, खिडकीजवळ, कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली.

दुमजली लहान घरासाठी माझं ठाम मत, खालचा हॉल, जिना आणि वरचा पॅसेज हे एकाच रंगात करा, अगदी एकाच कोडमध्ये. मग नजर कुठे अडकत नाही आणि घर मोठं वाटतं. दाराच्या चौकटी आणि खालच्या पट्ट्याही त्याच रंगात, फक्त चमक वेगळी. चमक इथे आकड्यात सांगतात, भिंतीला साधारण ५ ते ७, छताला २-३, लाकडाला ४० च्या आसपास. जिन्याजवळच्या भिंतीला मुलांचे हात लागतात, तिथे १० किंवा २० घ्या, पुसता येतं. बेडरूम मात्र गडद करायला घाबरू नका, आमची उत्तरेची बेडरूम शेवाळी हिरव्या रंगाची आहे, छतासकट, आणि घरातली सगळ्यात शांत खोली तीच.

रंगकाम स्वतः करण्यासारखं आहे, इथे बहुतेक लोक करतात. भिंत रंगाआधीच्या वॉशने धुवायची, भोकं पुट्टीने भरायची, वाळल्यावर घासायची, पुट्टीच्या जागी आधी एक हात, मग दोन पूर्ण हात. खिडकीकडून आत येत रोलर फिरवा. कामगार लावले तर मजुरीवर रोट नावाची कर सवलत मिळते, साधारणपणे मजुरीच्या ३० टक्के, माणशी वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० क्रोनर, पण ती मालकालाच मिळते, भाडेकरूला नाही. घर सोसायटीच्या मालकीच्या प्रकारातलं असेल तर भिंत पाडणं, पाण्याच्या लाइन हलवणं, बाहेरचा रंग बदलणं, यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका.

पायरी ४: जमीन

जुन्या घरात कार्पेट किंवा प्लॅस्टिकच्या मॅटखाली पाइन लाकडाची जमीन निघू शकते, एका कोपऱ्यात उचलून बघाच. आमच्याकडे वरच्या मजल्यावर निघाली. पाइन उन्हाने वर्षागणिक पिवळं-केशरी होत जातं, ते नको असेल तर घासून घेतल्यावर त्याला आधी क्षाराचं पाणी लावतात आणि मग सोपा लावतात. सोपा म्हणजे इथला पारंपरिक पातळ साबण, तोच पाण्यात घालून पुढे जमीन पुसायची. दर वेळी पुसलं की लाकूड अजून थोडं मऊ, थोडं फिकट होतं. डाग पडला तर तेवढंच घासता येतं, वॉर्निशला तसं करता येत नाही. पण एक लक्षात ठेवा, साबणाची जमीन हळद शोषते. किचनमध्ये आणि जेवणाच्या टेबलाखाली आम्ही ती केली नाही, तिथे हार्डवॅक्स ऑइल म्हणजे मेण मिसळलेलं तेल आहे.

लाकूड घरभर दोनच प्रकारचं ठेवा. आमच्याकडे पाइन आणि बर्च. भारतातून आणलेलं शिसवी टेबल तिसरं आहे पण ते एकटं आणि मुद्दाम ठेवलंय, आजेसासूबाईंचं आहे ते. हिवाळ्यात इथे घरातली हवा फार कोरडी होते आणि आपल्याकडचं सागवान-शिसव तडकू शकतं, तेव्हा ते हीटरपासून लांब.

पायरी ५: उजेड, आणि इथे वेळ घ्या

पैसे कमी असतील तर बाकी सगळं थांबवा आणि हे करा.

एका खोलीत एक मोठा दिवा लावण्याऐवजी पाच ते सात लहान दिवे लावायचे. ऐकायला जास्त वाटतं, एलईडीमुळे वीज काही फार जात नाही. बसायच्या खोलीत आमचे असे आहेत: खिडकीत दोन, सोफ्याशेजारी वाचायचा एक, फळीवर एक छोटा, कोपऱ्यात जमिनीवरचा एक आणि जेवणाच्या टेबलावर लोंबणारा एक. संध्याकाळी खोलीत उजेडाची बेटं तयार होतात, माणसं आपोआप त्यांच्याभोवती जमतात आणि मधला अंधार त्रास देत नाही, उलट खोली खोल वाटते. इथे या संध्याकाळच्या ऊबदार बसण्याला मीस म्हणतात, डेन्मार्कमध्ये ह्युगे.

बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन बघा, म्हणजे उबदार पिवळसर उजेड, खिडकीतल्या दिव्यांना २२०० पण छान. रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा (सीआरआय) ९० च्या वर असेल तर घ्या, जेवण जेवणासारखं दिसतं, वरण पिवळं दिसतं. घरभर एकच केल्विन ठेवा, एक पांढरा बल्ब मधे आला की सगळं बिघडतं.

टेबलावरचा दिवा टेबलापासून ५५ ते ६० सेंटिमीटर वर. आपल्याला हे खूप खाली वाटतं, पण बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि बल्ब डोळ्यात जाता कामा नये, एवढीच परीक्षा. डॅनिश डिझायनर पौल हेनिंगसेनने आयुष्यभर याच एका गोष्टीवर काम केलं, दिव्याचे थर असे रचायचे की कुठूनही बघितलं तरी बल्ब दिसत नाही. त्याचा पीएच ५ हा १९५८ चा, ५ म्हणजे वरच्या थराचा व्यास ५० सेंटिमीटर. महाग आहे, आमच्याकडे तो नाही, पण दुसरा कुठलाही दिवा घेताना तीच परीक्षा मी दुकानात खाली वाकून करते.

खिडकीतले दिवे टायमरवर ठेवा. अंधार पडला की आपोआप लागतात आणि मुलं शाळेतून येताना लांबून घर ओळखू येतं. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं लोक दिवे बंद करायला विसरतात की काय, नंतर कळलं की रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी पण असतात ते.

दिवा प्लगचा असेल तर तुम्ही स्वतः लावू शकता. भिंतीतली कायमची वायरिंग मात्र नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच करू शकतो, कायदाच आहे. जुन्या घरात छताला जुन्या पद्धतीचे प्लग असतात, १ एप्रिल २०१९ पासून नव्या कामात डीसीएल नावाचे लावतात, तेव्हा दिवा घेण्याआधी आपल्या छताचा फोटो काढून न्या.

पायरी ६: जिना

दुमजली घरात जिना हे फर्निचरच समजा, सगळ्यात मोठं. तो हॉलमध्ये घुसतो, खालच्या मजल्यावर सावली टाकतो आणि वरून येणारा उजेड अडवतो किंवा खाली आणतो. आमच्या जिन्याला बाजूने बंद लाकडी पाट्या होत्या, गडद तपकिरी. त्या काढून उभ्या सडपातळ बर्चच्या दांड्या लावल्या आणि वरच्या खिडकीतला उजेड पहिल्यांदा खालच्या हॉलमध्ये आला, सगळ्या घरात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. दांड्यांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, मुलाचं डोकं अडकतं. आडव्या दांड्या सुंदर दिसतात पण लहान मूल त्यावर शिडीसारखं चढतं.

पायऱ्यांना खालून वर जाताना दिसणारा उभा भाग भिंतीच्या रंगाचा करा आणि पाय ठेवायचा भाग लाकडाचाच राहू द्या. पायमोजे घालून चालायचं घर असल्यामुळे जिना घसरडा होतो, प्रत्येक पायरीवर पातळ लोकरीची पट्टी लावली की आवाजही कमी. जिन्याच्या दिव्याला दोन्ही मजल्यांवर बटण हवंच. आणि धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर किमान एक, वरचा जिन्याच्या तोंडाशी.

जिन्याखालची जागा रिकामी सोडू नका आणि तिथे आरामखुर्चीही ठेवू नका, कोणी बसत नाही. चाकांवरचे तीन खोल ड्रॉवर करून घ्या. आमच्या एकात तांदळाची गोणी, एकात व्हॅक्यूम क्लीनर, एकात बूट.

पायरी ७: खालचा मजला

हॉल म्हणजे इथे दारातून आत आल्यावरची छोटी जागा. बूट दाराशीच काढायची पद्धत आपल्यासारखीच, हे किती सोयीचं आहे! लागतं एवढंच: बसून बूट काढायला एक अरुंद बाक, वर टोप्या-मोज्यांची फळी आणि खाली खुंट्या, माणशी दोनच, मुलांच्या खुंट्या त्यांच्या उंचीवर. बर्फाचं पाणी ठिबकतं म्हणून खाली किनार असलेला ट्रे. भिंतीचा खालचा मीटरभर भाग लाकडी पट्ट्यांचा केला की ओल्या बुटांचे डाग धुता येतात. एक मोठा आरसा, शक्यतो खिडकीच्या समोर.

किचनमध्ये मी सगळ्यात जास्त वाद घातलाय. मासिकात दिसतात तशा गॅसशेजारच्या उघड्या फळ्या ज्या घरात रोज फोडणी होते तिथे करू नका. महिनाभरात प्रत्येक कपावर चिकट थर येतो. शेगडीपासून दोन मीटर लांब, खिडकीजवळ एक फळी करा आणि रोजचे स्टीलचे डबे दाराआड ठेवा. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा बदलायचा असेल तर तो बाहेर हवा टाकतो की आतच गाळतो हे बघा, आतच गाळणारा असेल तर कोळशाचा फिल्टर वेळेवर बदला. इमारतीचा सामायिक डक्ट असेल तर मोटरचा पंखा जोडायला बहुतेक वेळा मनाई असते, आधी विचारा. ओटा पांढरा लॅमिनेटचा घेऊ नका, हळदीचा डाग पडला तर उन्हात तो फिका होतो खरा पण डिसेंबरमध्ये ऊन कुठून आणणार. आमचा ओक लाकडाचा आहे, वर्षातून तीन-चार वेळा तेल पाजते आणि हळद-मसाल्याची जागा मोठ्या करड्या दगडी फरशीवर ठेवलीय.

बसायच्या खोलीत सोफा आला आता. लहान खोलीत पाय असलेला घ्या, खाली १५ सेंटिमीटर तरी मोकळं, जमीन दिसते आणि झाडू जातो. कव्हर धुता येतंय का बघा. कोपऱ्याचा मोठा एल आकाराचा सोफा मला लहान राडहूसमध्ये आवडत नाही, दोन सीटचा सोफा आणि दोन हलक्या खुर्च्या जास्त कामाच्या, पाहुणे आले की खुर्च्या फिरवता येतात. स्टुल भरपूर ठेवा. फिनलंडच्या आल्व्हार आल्टो या आर्किटेक्टने १९३३ मध्ये बर्च वाकवून तीन पायांचं जे स्टुल केलं ते एकावर एक रचता येतं, हळदीकुंकवाला बायका आल्या की असली एकावर एक बसणारी स्टुलं जिन्याखालून निघतात आणि गेल्यावर परत एका चौरस फुटात. गालिचा लहान घेऊ नका, सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर आले पाहिजेत, नाहीतर तो पायपुसण्यासारखा दिसतो.

पायरी ८: वरचा मजला

इथे नियम कमी आहेत. बेडरूमच्या खिडकीला पूर्ण अंधार करणारा रोलर पडदा चौकटीच्या आत बसवा, त्यावर हलका लिननचा पडदा. जूनमध्ये पहाटे साडेतीनला मुलं उठून बसतात तेव्हा याची किंमत कळते. डबल बेडवर दोन वेगळी पांघरुणं, १५० बाय २०० ची, ही इथली पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, ज्याला जेवढी थंडी तेवढं त्याचं. पलंगाशेजारी टेबलाऐवजी भिंतीतली छोटी फळी आणि भिंतीचा दिवा, जमीन मोकळी. उतरत्या छताची खोली असेल तर उंच भिंतीला कपाट आणि बुटक्या भिंतीला पलंग, उलटं नाही.

कापड, आणि आजीची गोधडी

इथे जुन्या घरांमध्ये चिंध्यांचे लांब पट्टे विणून केलेले गालिचे असतात, ट्रासमाट्टा म्हणतात. जुन्या चादरी, शर्ट फाडून पट्ट्या करायच्या आणि मागावर विणायच्या. पहिल्यांदा एका शेजारणीकडे तो बघितला, तिने यातली निळी पट्टी माझ्या वडिलांच्या शर्टाची असं सांगितलं आणि मी घरी येऊन ट्रंकेतून आजीची गोधडी काढली. तिच्यातही आजोबांच्या धोतराचा काठ आहे. ती आता सोफ्याच्या पाठीवर असते, कुठल्याही दुकानातल्या थ्रोपेक्षा या खोलीत जास्त शोभते, कारण दोन्हीकडचा विचार एकच, झिजलेलं कापड फेकायचं नाही. गोधडी, इरकलचा तुकडा, खणाची उशी, हे सगळं नॉर्डिक घरात बसतं, एका खोलीत एक किंवा दोनच ठेवा आणि बाजूला साधं लिनन आणि लोकर राहू द्या. ट्रासमाट्ट्याखाली न घसरणारी जाळी टाकायला विसरू नका.

घ्यायचं कुठून

नवीन कमी, जुनं जास्त. उन्हाळ्यात गावोगावी लोप्पिस म्हणजे जुन्या सामानाचे बाजार भरतात, शहरात सॅल्व्हेशन आर्मीचं म्यूरोर्ना आणि रेड क्रॉसची दुकानं आहेत, ऑनलाइन ब्लोकेट आहे. भरीव लाकूड ओळखायला ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि कोपरा बघा, लाकूड एकमेकांत दातांनी गुंतवलेलं असेल तर घ्या. खुर्चीवर बसून डावी-उजवी हला. गाद्या आणि सोफे जुने घेताना शिवणीत ढेकूण बघा, टॉर्च लावून. पहिल्या वर्षी मी घाईत सगळं नवं घेतलं आणि त्यातलं निम्मं आता घरात नाही.

देवघर आणि खिडकीतला हुक

देवघराचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आमचं वरच्या पॅसेजच्या कोपऱ्यात आहे, बर्चची एक फळी, मागे साधी भिंत, वर छोटा दिवा. पितळ या घरांमध्ये परकं नाही, आमच्यापासून जवळच स्कुल्टुना गावात १६०७ पासून पितळेचा कारखाना आहे आणि इथल्या लोकांच्या घरात त्यांचे मेणबत्त्यांचे स्टँड असतात. समई त्यांच्याशेजारी अगदी घरचीच वाटते. फळीवर पितळी ताट ठेवा, कुंकू आणि तेल बर्चमध्ये मुरलं की निघत नाही. उदबत्ती धुराच्या अलार्मपासून लांब, आणि वर कापड किंवा पडदा नको.

आणि बसायच्या खोलीच्या मोठ्या खिडकीच्या वर छताला एक चांगला हुक पक्का करून घ्या, शेजारी प्लग येईल असा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते, त्याच्या आगेमागे आपली दिवाळी असते, तेव्हा त्या हुकाला आकाशकंदील. तो दिवाळी संपल्यावरही काढत नाही आम्ही. नोव्हेंबर अखेरीला ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार येतो, सगळ्या गल्लीत खिडक्यांमध्ये कागदी चांदण्या लागतात, तेव्हा कंदील उतरवून त्याच वायरला, त्याच बल्बवर चांदणी चढवतो आणि ती १३ जानेवारीपर्यंत राहते. वायरचा होल्डर लहान गळ्याचा घ्या, म्हणजे दोन्हीला बसतो.